गयावैनीची पोटपरीक्षा

परीक्षेला नऊ बायका बसल्या आणि नापास मी झालो. मी परीक्षक होतो.

हे कसं जमवलं ते सांगायचं तर सुरुवात आमच्या सहकारी सूतगिरणीच्या चेअरमनसाहेबांच्या कमरेपासून करावी लागेल. ती दुखायची. तेलगावच्या वैद्याचं तेल झालं, परळीच्या मालिशवाल्याचं चोळणं झालं, शेवटी साहेब औरंगाबादला मोठ्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, तुमची कंबर दुखते कारण तुमच्या पोटाच्या स्नायूंत दम नाही. साहेबांच्या पोटाकडे बघून हे आमच्या तालुक्यातल्या कुणीही फुकट सांगितलं असतं, पण सांगायची छाती नव्हती. साहेब परत आले ते एक नवा विचार घेऊनच. माणसाचं सगळं बळ पोटात असतं. त्याच महिन्यात गिरणीच्या दारावर दोन बाई पहारेकरी घ्यायच्या होत्या. संचालक मंडळात ठराव आला, सूचक निघाला, अनुमोदक निघाला, आणि सर्वानुमते पास झालं की उमेदवारांच्या पोटाचा दम मोजावा. (सहकारात काहीही मोजता येतं. सूचक आणि अनुमोदक पाहिजेत.)

आता मोजणार कोण? मी शाळेत पीटीचा मास्तर. शिट्टी माझ्या गळ्यात कायम. एवढ्या पुराव्यावर माझी नेमणूक झाली.

मी साहेबांना सरळ सांगितलं, "साहेब, माझी सख्खी वैनी उमेदवार हाय. मला नका घेऊ."

साहेब म्हणाले, "मास्तर, या पट्ट्यात नात्यात नसलेला परीक्षक आणायचा म्हटलं तर नागपूरहून आणावा लागंल. तुमी फक्त बरोबर मोजा."

फक्त बरोबर मोजा. एवढंच काम होतं.

आमच्या गयावैनीची गोष्ट अशी की त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षी आला होता, पण तो आमच्याकडे न थांबता पुढे गेला. दादाची शेरडं चारा छावणीच्या दावणीला होती आणि गावाला टँकर एक दिवसाआड होता. दरवर्षी दसरा झाला की दादा आणि वैनी ऊसतोडीला जायचे. (नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. माणसं दोन, नाव हत्याराचं.) दोघं गेले की त्यांची कमल पण जायची आणि तिची शाळा सहा महिने तशीच. कमल सातवीत होती. वैनीनं उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की या साली कोयता निघणार नाही. कसं निघणार नाही, हे दादानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मग गिरणीची जाहिरात आली. धावणं झालं, पोतं उचलणं झालं, त्यात नऊजणी बरोबरीत राहिल्या. आता सगळा निकाल पोटावर होता.

एका सकाळी वैनी म्हणाली, "भावजी, ती परीक्षा असती कशी? एकदा दावा की."

आता मास्तराला दाखव म्हटलं की अंगात येतं. मी अंगणात सतरंजी टाकली, उताणा झालो, दोन्ही पाय बाजेच्या खालच्या दांडीत अडकवले, दोन्ही हात मानेमागं गुंफले आणि झटक्यानं उठलो. "एक!" वैनी कौतुकानं बघत होती. कमल बघत होती. शेजारच्या दोघीजणी धुणं टाकून बघत होत्या. मी सहाव्याला थांबलो असतो तर आज ही गोष्ट नसती. सातव्याला हातांनी मान खेचली, मानेत कट्ट वाजलं, पाय आखडले, आणि पायांबरोबर बाज उचलली गेली. ती एका अंगावर कलंडली आणि तिच्या कडेनं दोन दिवसांच्या पाण्याचा हंडा आडवा केला.

दुष्काळात पाणी सांडल्यावर जी शांतता पसरते ती मी पहिल्यांदाच आडवं पडून ऐकली. वैनी मात्र बोलत बसली नाही. तिनं धावत जाऊन ओघळाखाली घमेलं लावलं, हंडा सरळ केला, अर्धं पाणी वाचवलं. मग माझ्याकडं वळली.

"सातावर काय करायचं ते कळलं. आठावर काय असतंय?"

आठावर सरकारी दवाखाना होता. माझी मान डावीकडं वळलेली राहिली ती राहिलीच. अंबाजोगाईला जायचं तर उजवीकडून येणारी गाडी मला दिसेना, म्हणून वैनी बरोबर आली. एसटीत तीन तास मी खिडकीजवळच्या एका गृहस्थाकडं टक लावून होतो. त्यांनी पहिल्या तासाला जागा बदलली. त्यांच्या रिकाम्या जागेवर एक बाई येऊन बसल्या, तेव्हा वैनीनं माझ्या डोळ्यांवर टॉवेल टाकला.

तिथल्या व्यायामोपचाराच्या डॉक्टरबाईंनी मान तपासली, शेक दिला आणि कारण विचारलं. मी कारण सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही परीक्षा घेणार आहात? लोकांची?"

त्यांनी मग आम्हाला सगळं नीट दाखवलं. अडचण एवढीच की दाखवलं ते माझ्या उजव्या हाताला. मला डावीकडची भिंत आणि तिच्यावरचा लसीकरणाचा तक्ता दिसत होता. ऐकलं मी सगळं, पण बघितलं वैनीनं. बाई म्हणाल्या, आपण ताकद मोजत नाही, दम मोजतो. उताणं झोपायचं, गुडघे वर, तळपाय जमिनीवर. पाय कुणी धरायचे नाहीत, नाहीतर मांड्याच काम करतात आणि पोट आराम करतं. हात मानेमागं अजिबात नाहीत. (इथं त्या माझ्याकडं बघत असाव्यात. मला तक्ता दिसत होता.) हात कुशीला सरळ, बोटांच्या टोकाशी एक चिकटपट्टी, तिच्यापुढं साडेचार इंचांवर दुसरी. श्वास सोडत डोकं आणि खांदे उचलायचे, बोटं दुसऱ्या पट्टीला लागेपर्यंत सरकवायची, पुन्हा डोकं खाली टेकवायचं. तीन सेकंदाला एक ठोका, एका ठोक्याला एक. ठोका चुकला किंवा डोकं टेकलं नाही तर एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा थांबवायचं. दुखलं, गरगरलं की लगेच थांबवायचं. आधी नर्सकडून विचारून घ्यायचं की पोटाचं ऑपरेशन, बाळंतपण असं काही आहे का. आणि पंचाहत्तर झाले की कितीही जोर असला तरी पुरे.

"आणि ठोका," बाई म्हणाल्या, "अगदी सारखा हवा. तो हलला तर सगळी परीक्षा वाया." त्यांच्याकडं ठोका देणारी एक लाकडी पेटी होती, टिक टिक करणारी. मी ती मागितली. त्यांनी माझ्या मानेकडं बघून नाही म्हटलं.

परतीच्या वाटेवर वैनी म्हणाली, "भावजी, हे मला एकटीला ठाव झालं. उरलेल्या आठजणींनाबी दावा."

"कावून? तुमचा फायदा हाय की."

"म्हणूनच."

तर मान जागेवर आल्यावर, परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नऊजणींना बोलावून पद्धत सांगितली. म्हणजे मी बोललो आणि वैनीनं करून दाखवलं. जिथं मी चुकलो तिथं ती नुसती थांबायची, मग मी आठवून दुरुस्त करायचो.

राहिला ठोका. इथं मी डोकं चालवलं. गावात पावसासाठी सप्ताह नुकताच बसून उठला होता. सात दिवस अखंड भजन, आणि सात दिवस टाळ दगडूबुवांचा. तीस वर्षं टाळ वाजवणारा माणूस! त्यांच्याहून पक्का ठोका जिल्ह्यात कुणाचा? मी घड्याळ धरून बसलो, बुवांनी तीन सेकंदाला एक असा टाळ दहा वेळा दिला. एका केसाचा फरक नाही. मी खूश झालो. दहाच्या पुढं ऐकायची मला गरज वाटली नाही.

परीक्षा गिरणीच्या आवारात, पिंपरणीखाली. चेअरमनसाहेब खुर्चीवर, शेजारी एक संचालक. त्यांची पुतणी सुरेखा उमेदवार होती, चांगली तगडी मुलगी. नर्सनं एकेकीला बाजूला घेऊन विचारपूस केली. पहिली पाळी सुटत होती, त्यामुळं कामगारही जमले. पहिल्या चारजणी नीट पार पडल्या. कुणी बावीस, कुणी छत्तीस.

आता भजन करणाऱ्याला ठाऊक असतं ते मला ठाऊक असायला हवं होतं. भजन हळू सुरू होतं आणि चढतं. तीस वर्षांत बुवांनी एकही भजन सुरू झालं त्या लयीत संपवलेलं नव्हतं. पाचव्या बाईपासून बुवांचे डोळे मिटले. सहावीला ते डोलायला लागले. सातवीला कामगारांनी टाळ्यांची साथ धरली. मी "बुवा, हळू, हळू" म्हणत होतो, पण त्यांना वाटलं असावं की मी पण भजनात आलो. आठवी सुरेखा. तिच्या वाटेला जो टाळ आला तो तीन सेकंदाचा राहिलाच नव्हता. ती एकतीसवर धापा टाकत थांबली. नववी आमची वैनी. तिच्या वेळेला गजर चालू होता. बाई वर जातीय का खाली येतीय कळेना. मोजता मोजता मीच हलत होतो. अठ्ठावन्नला वैनी थांबली आणि कामगारांनी असा काही जल्लोष केला की मला वाटलं पाऊस आला.

अठ्ठावन्न म्हणजे पहिला नंबर. संचालक उठले.

"मास्तर, पुतणीच्या वेळेला टाळ पळाला. आन् तुमच्या वैनीचा नंबर पैला. हे काय हाय?"

त्रास याचा झाला की ते बरोबर होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खरं सांगितलं असतं तर वैनीची नोकरी मीच घालवली असती, खोटं सांगितलं असतं तर जन्मभर तिच्या नोकरीवर डाग राहिला असता. मी काय केलं? शिट्टी तोंडात घातली. वाजवली नाही. नुसती घातली.

वैनी सतरंजीवर उठून बसली होती. पदर सारखा केला, श्वास खाली येऊ दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, टाळ पळाला हे खरं हाय. शेवटी शेवटी माझंबी डोकं टेकत नव्हतं, नुसता झोका चाललेला. हे अठ्ठावन्न माझे न्हाईत. सगळ्यांची पुन्हा घ्या."

मिळालेलं हातचं असं टाकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मला इतकं भरून आलं की मी शिट्टी काढून लगेच म्हणालो, "चला, आत्ताच घेऊ."

"आत्ता कशाला?" वैनी म्हणाली. "दमलेलं पोट मोजून काय गावणार? डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? दोन दिवस जाऊ द्या."

डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या होत्या हेही मला तेव्हाच कळलं. बहुतेक त्या वेळेस मी लसीकरण वाचत होतो.

त्या दोन दिवसांत दादा माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम आला, तोडीसाठी कोयत्यांची नावं लिहायला. दारात उभा राहून म्हणाला, रामभाऊ, तुमचं लिवू का? दादानं वैनीकडं बघितलं. वैनी चुलीशी होती. न वळता म्हणाली, परवा सांगते. मुकादमानं वही मिटली नाही, नुसतं बोट आत घालून ठेवलं. कमल दप्तर भरत होती तिनंही हात थांबवला. आणि मी, ज्याच्या एका टाळामुळं हे सगळं लटकलं होतं, तो शेजाऱ्याकडं काहीतरी विचारायला गेलो. काय ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या परीक्षेला ठोका कुणाचा, यावर साहेबांनी मला विचारलंच नाही. वैनीनं सुचवलं. ठोका अशा माणसाच्या हातात द्या ज्याला गाण्याचं काही वाटत न्हाई. अशी व्यक्ती गिरणीत एकच होती, टाइमकीपर सलीमभाई. पाळीचा भोंगा वाजवणं हे त्यांचं वीस वर्षांचं काम. स्वतःच्या लग्नातल्या बँडवाल्याला त्यांनी तुम्ही चार मिनिटं उशिरा आलात एवढंच म्हटलं होतं असं सांगतात. त्यांच्या दारात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं, हातोडी घेतली आणि सेकंदकाट्याकडं असं बघत बसले जसं दुसरं काही जगात नाहीच. टण. तीन सेकंद. टण. तीन सेकंद. टण. कामगारांनी दोन टाळ्या मारून बघितल्या, पण या ठोक्यावर डोलता येईना. 

आठजणी झाल्या. सुरेखानं या खेपेला बावन्न काढले, अगदी नियमानं, डोकं टेकवून. संचालकांनी मिशीवरून हात फिरवला.

मग वैनी आली. सतरंजीवर आडवी झाली, गुडघे घेतले, बोटं पट्टीला लावली. टण. एक. टण. दोन. तिच्या चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. छावणीआधी, सकाळी शेरडं वाड्यातून बाहेर पडताना ती दारात उभी राहून मोजायची तोच चेहरा. वीस झाले. चाळीस झाले. बोटं पट्टीला लागतायत, डोकं टेकतंय, श्वास ऐकू येतोय. बावन्न. त्रेपन्नला सगळ्या आवारात एक श्वास सुटला. आणि मला वाटायला लागलं की ही बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढलेली, हापशावर शंभर दांडे मारून अर्धी कळशी आणलेली, कमलला पाठीला बांधून ऊस तोडलेली, आणि हिचा दम मोजायला मी बसलोय, मी, ज्याची मान सातावर गेली. माझे डोळे भरून आले. एकसष्ट. बासष्ट. मी बघतच राहिलो.

टण. टण. टण.

वैनी थांबली. उठून बसली. "भावजी, किती झाले?"

मी तोंड उघडलं. तोंडात आकडा नव्हता. बासष्टपर्यंत पक्का होता. त्याच्यापुढं मी नुसता कौतुक करत होतो.

संचालक म्हणाले, "मास्तर, आकडा."

पंचाहत्तर म्हणावं असं अगदी ओठावर आलं. कुणाला कळणार होतं? पण दोन दिवसांपूर्वी याच सतरंजीवर ती काय बोलली होती ते आठवलं आणि तो आकडा गिळला. म्हणालो, "साहेब, बासष्टच्या पुढं माझी गिनती सुटली."

 दादा मागं उभा होता, त्यानं खाली बघितलं. साहेब कपाळावर हात ठेवून म्हणाले, आता तिसऱ्यांदा घ्यायची का? मंडळ काय म्हणेल? संचालक म्हणाले, गिनतीच सुटली तर बासष्ट तरी खरे कशावरून, रद्द करा. रद्द म्हटल्यावर मी उभा राहिलो, काय करायला ते माहीत नव्हतं, आणि परत बसलो.

तेव्हा हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मास्टर," सलीमभाई म्हणाले, "गिनती तुमची व्हती. टाइम आपला हाय." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. वीस वर्षांची सवय, काहीही सुरू झालं की वेळ लिहायची आणि संपलं की वेळ लिहायची. दहा एक्केचाळीसला सुरू. दहा पंचेचाळीस आणि नऊ सेकंदांना बंद. "दोनशे एकूणपन्नास सेकंद. तीन सेकंदाला एक. ठोका एक बी चुकला न्हाई, म्हणून वैनीबी चुकली न्हाई. भागा."

संचालकांनी स्वतः भागलं. बोटांवर भागलं, मग कागदावर भागलं, आणि कागद साहेबांच्या हातात देऊन मोठ्या मनानं म्हणाले, "त्र्याऐंशी."

"पण नियम पंचाहत्तरला थांबायचा," मी म्हटलं. थांबवायचं काम माझंच होतं हे माझ्या तेवढ्यात लक्षात आलं. "पंचाहत्तरच लिहू."

"वरचे आठ फुकट गेले का?" वैनी म्हणाली.

घरी येताना मी विचारलं की तुम्हाला तरी आकडा माहीत होता का. ती म्हणाली, होता की, त्र्याऐंशी, मी मोजतच होते.

"मग तिथं सांगितलं कावून न्हाई? माझा जीव चालला होता."

"परीक्षा माझी व्हती," ती म्हणाली. "मोजायचं काम तुमचं व्हतं."

पहिल्या नंबरावर वैनी, दुसऱ्यावर सुरेखा. ठरल्या दिवशी मुकादम परत आला तेव्हा वैनीनं त्याला चहा दिला आणि वहीतलं बोट काढायला सांगितलं. दसऱ्यानंतर गावातून ट्रक निघाले, त्यात कमल नव्हती. ती शाळेत होती, माझ्याच तासाला, आणि मी शिकवलेली बैठक चुकीची आहे असं सांगत होती.

महिन्याभरानं मला परीक्षेच्या कागदांवर सही करायला गिरणीत बोलावणं आलं. दारात खाकी साडी, पट्टा, हातात काठी, अशी वैनी उभी. मला इतका अभिमान वाटला की मी सरळ आत निघालो. काठी आडवी आली.

"पास?"

मी हसलो. ती हसली नाही. मी म्हटलं, वैनी, मी तुमचा दीर. ती म्हणाली, दीर घरी, इथं पास. मी म्हटलं, तुमच्या नेमणुकीच्या कागदावर सही करायलाच आलोय. ती म्हणाली, मग तुमाला नियम माहीतच असतील, तिकडं सावलीला उभं राहा.

सावली दोन फुटांची होती आणि तिच्यात आधीच एक शेळी उभी होती. तासभर उभा राहून माझ्या मनात आलं की या वागणुकीची सरळ चेअरमनसाहेबांकडं तक्रार करावी. पण साहेब आत होते, आणि आत जायला पास लागत होता.